‘पुन्हा’ची सहा अक्षरं

सूचनावही फिरत फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. यंदापासून प्रत्येक शिक्षकाने आपापल्या विषयात ‘संगणकीय विचारा’चा, म्हणजे प्रश्न पायऱ्यांत आणि नियमांत मांडून सोडवण्याचा, निदान एक घटक घ्यावा, असं तीत लिहिलं होतं. हिंदीच्या टीचरनी सही करून शेजारी बारीकसं प्रश्नचिन्ह काढलेलं. इतिहासाचे सर ‘हें कितें आनी?’ म्हणाले आणि वही पुढे सरकवली. मी सही केली. बसची वेळ झाली होती.

आमची शाळा मांडवीच्या काठाला. मी तिथे २१ वर्षं मराठी शिकवते. गोव्यातल्या आमच्यासारख्या हायस्कुलांत पाचवीपासून माध्यम इंग्रजी, मराठी हा एक विषय. मुलं घरी कोकणी बोलतात, गणित इंग्रजीत करतात आणि मराठी त्यांच्या कानावर पडते ती भजनात, जत्रेतल्या नाटकात आणि आजोबांनी मोठ्याने वाचलेल्या पेपरात. म्हणजे कान तयार असतो, हात नसतो. या कानाची गोष्ट पुढे येईलच.

संगणक हा माझा प्रांत नव्हे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय, हे ऐकून होते. राज्य सरकारच्या ‘केअर्स’ योजनेतून आमच्याकडे कोडिंग आणि रोबोटिक्स सुरूही झालं होतं. प्रयोगशाळेत तारा, चाकं, सेन्सर यांची खोकी येऊन पडली होती. पण ते सगळं संगणकाच्या सरांचं खातं. मराठीच्या तासाशी त्याचा काय संबंध?

प्रशिक्षण एका दिवसाचं होतं. विघटन, आकृतिबंध ओळखणं, अमूर्तीकरण, अल्गोरिदम असे चार शब्द फळ्यावर आले, ते मी वहीत उतरवले. अल्गोरिदम, म्हणजे काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या, हा शब्द नवव्या शतकातल्या अल् ख्वारिज्मी या गणितीच्या नावावरून आला, हेही कळलं. मग चहा कसा करायचा ते पायरीपायरीने लिहायला सांगितलं. माझ्या शेजारच्या टीचर पाणी घालायचंच विसरल्या, आणि त्यांनाही ‘छान’ मिळालं. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. तो चहा कुणी करून बघणारच नव्हतं. जी चूक कुणाच्या घशाखाली उतरत नाही, ती कळायची कशी? चहाचं उदाहरण मला तेव्हापासून डोळ्यांसमोर नको असतं.

तरी पहिला प्रयत्न मी त्याच जातीचा केला. पाठ्यपुस्तकातल्या एका कथेचा फ्लोचार्ट. मुलांनी चौकोन काढले, शंकरपाळे काढले, बाण जोडले, रंगवले. ‘नायकाला राग आला का? होय. नाही.’ भिंतीवर लावल्यावर झकास दिसत होता. मुख्याध्यापिकांनी फोटो काढला. पण त्या कथेत आपल्याला राग आलाय की वाईट वाटतंय हे नायकाचं त्यालाच उमगत नाही, आणि कथेची खरी जागा तीच आहे. नेमकी तीच आम्ही शंकरपाळ्यात कोंबली होती. घरी जाऊन मी स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या दिवशी रिसेसमध्ये संगणकाच्या सरांना गाठलं. सर सासष्टीचे, कोकणी रोमी लिपीत वाचणारे, देवनागरी जेमतेम. ते म्हणाले, “टीचर, तुमच्या विषयात असं काय आहे, की नियम सांगितला तर मला अर्थ कळला नाही तरी माझं उत्तर बरोबर येईल?”

मी तोंडातली भजी संपवली आणि म्हटलं, “वृत्तं.”

वृत्त म्हणजे कवितेच्या ओळीतला लघु-गुरू अक्षरांचा ठरलेला क्रम. बोलताना मला वाटत होतं की हे काम दोन तासांत उरकेल. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ ते गुरू. अनुस्वार-विसर्ग असला की गुरू. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे, वृत्ताचं नाव सांगायचं. याहून यांत्रिक काय असणार? मुलंही ते यंत्रासारखंच करत आणि परीक्षेनंतर विसरत.

सरांनी अट घातली: आधी संगणक नाही. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायच्या खेळांची पद्धत रूढ केली, ती त्यांना आवडायची. म्हणून नववीच्या वर्गात पहिल्या दिवशी नुसत्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या नेल्या. काहींवर लघुचा ‘ल’, काहींवर गुरूचा ‘गा’.

सुरुवात नेहमीप्रमाणे ‘यमाताराजभानसलगं’ने केली. आठ गण लक्षात ठेवायचं हे सूत्र मी शाळेत असताना पाठ केलं होतं आणि पुढे तसंच पाठ करायला लावत आले. एका मुलीने विचारलं, “टीचर, हाच क्रम कशाला? आधी न, मग भ, असं का नाही?”

“पाठ व्हायला सोपं जातं म्हणून,” मी म्हटलं. हे उत्तर मी कितीतरी वर्षं देत आले होते. मुलगी काही बोलली नाही; तिने पट्ट्या घेतल्या आणि सूत्राची दहा अक्षरं जमिनीवर मांडली: ल गा गा गा ल गा ल ल ल गा. मग एक-एक घर सरकत तीन-तीन पट्ट्यांवर बोट ठेवत गेली. लगागा, य. गागागा, म. गागाल, त. गालगा, र. लगाल, ज. गालल, भ. ललल, न. ललगा, स. आठच्या आठ गण, प्रत्येक एकदाच, एकही पट्टी वाया नाही.

यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण, हे मी शिकवतच होते. पण तीन अक्षरांचे आठ वेगवेगळे गण सुटे लिहिले तर चोवीस अक्षरं लागतात. ती दहात बसवलीत, आणि याहून कमीत बसणारच नाहीत, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शेवटचे ‘ल गं’ आणि सुरुवातीचे ‘य मा’ सारखेच आहेत हे दुसऱ्या एका मुलाला दिसलं. म्हणजे शेवटची दोन काढून टाकायची आणि उरलेल्या आठांचं कडं करायचं. आठ जणांना गोल उभं केलं, प्रत्येकाच्या हातात पट्टी. कुठूनही शेजारचे तिघं घ्या, गण वेगळा.

ही बातमी मी सरांना सांगितली तर ते खुर्चीतून उठलेच. गणितात अशा मांडणीला निकोलास डी ब्रुइन या डच गणितीचं नाव आहे म्हणाले. त्याचा लेख १९४६चा. जनुकीय क्रमाचे तुकडे जुळवण्यापासून ते फिरणाऱ्या चाकाची जागा ओळखण्यापर्यंत ही युक्ती वापरतात. आठवडाभरात त्यांनी आठवीच्या मुलांकडून पुठ्ठ्याची चकती करून घेतली: आठ घरं, ल पांढरं, गा काळं. खोक्यातले तीन सेन्सर शेजारी-शेजारी बसवले. चकती कुठेही थांबली की तीन सेन्सरना मिळून एक गण दिसतो, आणि गणावरून चकती कोणत्या घरात थांबली ते कळतं. आमच्या रोबोटिक्सच्या खोलीत एक चाक आता ‘भ गण’ असं सांगत थांबतं. सरांना भ वाचता येतो तो तेव्हापासून.

गणिताच्या टीचर आपणहून आल्या. बारा अक्षरांच्या ओळीत लघु-गुरूचे किती आराखडे होतील हे त्यांनी वर्गात विचारलं. दर अक्षराला दोन पर्याय, बारा वेळा: ४०९६. त्यातल्या मूठभरांनाच आपण नावं दिलीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात हे सगळे आराखडे क्रमाने लिहून काढायची रीत आहे, त्यालाच प्रस्तार म्हणतात; आराखड्यावरून त्याचा क्रमांक आणि क्रमांकावरून आराखडा काढायची रीतही आहे. अक्षरांऐवजी मात्रा मोजणाऱ्या मात्रावृत्तात हिशेब बदलतो, कारण तिथे गुरू दोन मात्रांची जागा खातो. एक मात्रेची ओळ एका प्रकारे, दोनची दोन, तीनची तीन, चारची पाच, पाचची आठ. आठ मात्रांची चौतीस प्रकारे. शेवटचं अक्षर लघु धरलं तर मागे एक मात्रा कमी, गुरू धरलं तर दोन कमी, म्हणून प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. ही मालिका जगाला फिबोनाचीची म्हणून ठाऊक आहे. त्याचं पुस्तक १२०२चं. हेमचंद्र या जैन पंडिताने हीच गणती बाराव्या शतकाच्या मध्यात छंदांच्या संदर्भात मांडली होती आणि विरहांकाने त्याच्याही आधी. मुलांना मी ही नावं सांगितली, पण ‘आपल्याकडे सगळं होतंच’ असल्या भाषणात शिरले नाही. त्या भाषणानंतर वर्गाचं डोकं चालायचं थांबतं, असा माझा अनुभव आहे.

इथवर सगळं सुखाचं. मग यंत्र बसवलं.

यंत्र म्हणजे बेटावरून फेरीबोटीने येणारा एक मुलगा. जुलै महिना, त्याच्या रेनकोटची टोपी ओली होती, तीच त्याच्या डोक्यावर यंत्र म्हणून ठेवली. नियम त्याच्यापुढे चिठ्ठ्यांवर. त्याने चिठ्ठीत लिहिलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. शब्द हातात दिला की उत्तर द्यायचं.

पहिला शब्द ‘प्रकाश’. यंत्र म्हणालं: गुरू, गुरू, लघु. वर्ग ओरडला. चिठ्ठी पाहिली तर कुणीतरी ‘जोडाक्षर गुरू’ एवढंच लिहिलं होतं. ही चूक मी शेकडो पेपरांत तांबड्या शाईने गोल केलीय. पण आज ती मुलांनीच पकडली, नियम बदलला, ‘जोडाक्षराआधीचं’ असं लिहिलं. ‘पुस्तक’ नीट आला. ‘सज्जन’ नीट आला. मग कुणीतरी ‘पुन्हा’ दिला.

“गुरू, गुरू,” यंत्र म्हणालं.

मी ‘बरोबर’ म्हणणार होते. तेवढ्यात यंत्रानेच टोपी काढली. “टीचर, पण तसं नाही ना येत. पुन्हा. पु वर जोर नाही.” तो भजनी घरातला, टाळावर वाढलेला. त्याने बाकावर ताल धरून दाखवला. ‘पुस्तक’ म्हणताना पु वर हात पडतो, ‘पुन्हा’ म्हणताना घसरून पुढच्या अक्षरावर जातो.

मी व्याकरणाचं पुस्तक उघडलं. नियम असा होता: जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर येत असेल तर ते गुरू. ‘येत असेल तर’. इतकी वर्षं मी हे तीन शब्द वाचत होते आणि शिकवताना गिळत होते. मला ‘पुन्हा’तला पु लघु आहे हे माहीत नव्हतं असं नाही. कविता वाचताना मी तो लघुच वाचते. फक्त वर्गात सांगताना माझा नियम एक होता आणि तोंड दुसरंच करत होतं, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती. गाठ घातली ती ओल्या टोपीने.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “आघात म्हणजे काय ते सांगा. यंत्राला कान नसतात.”

पुढचे तीन तास याच्यातच गेले, अभ्यासक्रम बाजूला राहिला. मुलं घरून शब्द आणत. तुम्ही, तुझ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, सगळे बिनआघाताचे. मग नियम केला: न्ह, म्ह, ल्ह, ऱ्ह यांच्या आधी गुरू करायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक मुलगी ‘चिन्ह’ घेऊन आली. इथे चि वर जोर येतोच. तेच न्ह, पण शब्द संस्कृतातून आलेला. आता यंत्राने काय शब्दाचं गोत्र विचारायचं? वर्गाने मत घेतलं आणि अपवादांची यादी भिंतीवर लावली, जिथे आधी माझा फ्लोचार्ट होता. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ची जोडी मात्र सुटली. दर्यात द गुरू, दऱ्यात लघु, पण लिहितानाच दोन्ही वेगळे, त्यामुळे यंत्राला फरक दिसतो. कोकणी बोलणाऱ्या मुलांना दर्या शिकवावा लागत नाही. दऱ्या मी चित्र काढून दाखवल्या.

मग गेलो प्रयोगशाळेत. प्रोग्रामिंगची भाषा पायथन. पद्धत अशी की मुलांनी सांगायचं, सरांनी टंकायचं. सिमूर पॅपर्टने १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर लोगो ही भाषा मुलांसाठी बनवली, तिच्यामागची कल्पना सरांनी मला चहाच्या वेळी सांगितली होती: संगणकाने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने संगणकाला शिकवायचं. मला ते तेव्हा सुभाषितासारखं वाटलं होतं. सरांनी विचारलं, ‘पुन्हा’त अक्षरं किती? दोन, वर्ग म्हणाला. त्यांनी यंत्राला विचारलं. पडद्यावर ६.

हशा पिकला. मग शांतता, कारण सहा कुठून आली हे शोधायचं होतं. सरांनी एक-एक खूण सुटी करून छापली: प, उकार, न, हलन्ताची खूण, ह, काना. युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या यादीत, देवनागरीच्या ठोकळ्याला १२८ जागा आहेत, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना प्रत्येकी आपली जागा आहे. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते त्या यंत्राच्या लेखी अनेक खुणांचं बिऱ्हाड. म्हणून लघु-गुरूच्याही आधी त्याला ‘अक्षर’ शिकवावं लागलं. काना-वेलांटी आली तर आधीच्या व्यंजनाला चिकटव. हलन्त आला तर पुढचं व्यंजनही याच अक्षरात घे. अनुस्वार-विसर्ग आधीच्याच अक्षरात, आणि ते अक्षर गुरू. बाराखडी शिकलेल्या कुणाही मुलाला हे माहीत असतं, आणि त्या वर्गातल्या एकाने कधी ते वाक्यात सांगितलेलं नव्हतं. जोडाक्षर मोडून लिहायला ज्यांना जमत नसे, त्या मुलांना हलन्त पहिल्यांदा कळला तो त्या दिवशी. मध्येच वीज गेली. फळ्यावर चालू ठेवलं.

गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त ओरडणारे मागच्या बाकावरचे होते. मराठीत पास होण्याची मारामार असलेला एक मुलगा नियमातलं भोक दोन मिनिटांत शोधायचा. त्याला कविता आवडत नाही. अजूनही नाही. पण ‘टीचर, ही ओळ देऊन बघा, मोडते’ म्हणत तो ज्या ओळी आणायचा, त्या शोधण्यासाठी त्याला पुस्तकातल्या सगळ्या कविता चाळाव्या लागत.

सहामाहीनंतर मी मुलांना स्वतःच्या ओळी लिहायला सांगितल्या. भुजंगप्रयात, म्हणजे य गण चार वेळा, बारा अक्षरं. बेटावरच्या मुलाने ही दोन चरणं आणली:

मला वेळ शाळेत यायास झाला
पुन्हा आज फेरी उशीराच आली

यंत्राने दोन्ही ओळी पास केल्या, ‘पुन्हा’सकट. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि मी, सवयीने, ‘उशीराच’च्या शी भोवती तांबडा गोल काढला. उशीर दीर्घ, पण उशिरा ऱ्हस्व. त्याने दुरुस्त करून पुन्हा यंत्राला दिली. यंत्र म्हणालं, वृत्त मोडलं, आठवं अक्षर पाहा.

आता काय करायचं? शुद्धलेखन पाळलं तर वृत्त जातं, वृत्त पाळलं तर शुद्धलेखन. कवीला ऱ्हस्वाचं दीर्घ करायची मुभा असते हे मी सांगितलं. “मग मला का गोल?” त्याने विचारलं. मी म्हटलं, तू कवी आहेस की नाही ते अजून ठरायचंय. वर्ग हसला, तोही हसला, पण माझं उत्तर लंगडं होतं हे आम्हा दोघांनाही कळलं. शेवटी गोल खोडून समासात ‘कविस्वातंत्र्य’ लिहिलं आणि सही केली. पुढे महिनाभर निबंधांतही कविस्वातंत्र्य मागणारे निघाले.

हे सगळं स्टाफरूममध्ये पसरलं ते भूगोलाच्या सरांमुळे. त्यांनी खाजन शेतीतली, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीत बांध घालून केलेल्या शेतीतली, मानस म्हणजे पाण्याची दारं घेतली. खाजनाच्या बांधात लाकडी दारं असतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. “वीज नाही, तार नाही, आणि तुमचं ‘जर-तर’ केव्हापासून चाललंय,” ते सरांना म्हणाले. मुलांनी तासातासाचं बाहेरचं आणि आतलं पाणी तक्त्यात मांडून दार कधी उघडं, कधी बंद ते काढलं, आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते तेव्हा तक्ता कसा सरकतो तेही पाहिलं. इतिहासाच्या सरांनी मात्र साफ नकार दिला. “माझ्या विषयात ‘जर’ असतं, ‘तर’ नसतं,” म्हणाले. मला त्यांचा नकार पटला. सगळ्याच विषयांत हे घुसवायलाच हवं असं नाही. माझ्या कथेच्या फ्लोचार्टने मला ते आधीच शिकवलं होतं. २००६ साली जनेट विंग यांनी संगणकीय विचार हे फक्त संगणकवाल्यांचं नव्हे तर सगळ्यांचं कौशल्य आहे अशी मांडणी केली, तेव्हापासून हा शब्द शाळा-कॉलेजांत फिरतोय. सगळ्यांचं, हे मान्य. पण प्रत्येक धड्याचं, असा त्याचा अर्थ मी तरी घेत नाही.

पुढच्या वर्षी मी एक घोडचूक केली. नवी नववी आली. तयार प्रोग्राम होताच, मी तो मुलांना देऊन टाकला. ओळ टाका, वृत्त घ्या. पहिल्या तासाला मजा, दुसऱ्या तासाला जांभया. चाचणीत ‘प्रकाश’चा प्र पुन्हा गुरू झाला, निम्म्या वर्गात. त्या वर्गाला काही शिकवायचं उरलंच नव्हतं. यंत्र आधीच्या मुलांकडून शिकून बसलं होतं. मग सरांना सांगून प्रोग्राममधले चार नियम गुपचूप मोडून ठेवले. “यात बिघाड आहे, कुठे ते शोधा.” वर्ग जागा झाला. आता दरवर्षी आम्ही तो मोडूनच देतो, दरवर्षी वेगळ्या जागी.

परीक्षेतला प्रश्नही बदलला. ‘गण पाडून वृत्त ओळखा’ ठेवावाच लागतो. त्याच्या जोडीला वर्गचाचणीत मी विचारते: ‘हा नियम पुढच्या तीन शब्दांपैकी एकावर चालत नाही. कोणत्या, आणि का?’ तपासायला वेळ लागतो. रट्टा मारणारी हुशार मुलं इथे अडखळतात आणि त्यांचे पालक भेटायला येतात.

एकदा पणजीत बी.एड.च्या विद्यार्थ्यांपुढे हे सगळं सांगायला बोलावलं होतं. एका मुलाने विचारलं, “आता मोबाइलवरचा चॅटबॉटच वृत्त सांगतो, मग एवढा खटाटोप कशाला?” मी म्हटलं, विचारा त्याला. त्याने तिथल्या तिथे बेटावरच्या मुलाच्या ओळी घातल्या. उत्तर आलं, भुजंगप्रयात. नाव बरोबर. पण खाली गण पाडताना त्याने एका ओळीत तेरा अक्षरं मोजली होती आणि ‘पुन्हा’तला पु गुरू केला होता. सभागृहात तीसेक भावी शिक्षक होते. ती चूक दिसली चौघांना. उरलेल्यांशी मी त्या दिवशी वृत्तांबद्दल बोललेच नाही. पट्ट्या काढल्या, टोपी मागितली आणि त्यांच्यातल्याच एकाला यंत्र करून बसवलं.

आमच्या प्रोग्राममध्ये एक ओळ मात्र अजून अर्धी आहे. ‘दिव्याचा उजेड’ म्हणताना दि वर आघात नाही, कारण तो दिवा. पण कुणा मुलीचं नाव दिव्या असेल आणि ‘दिव्याचा डबा’ म्हटलं, तर दि वर जोर येतो. दोन्हीकडे अक्षरं तीच, खुणा त्याच, मोजून आठ. दर्या-दऱ्यासारखी लिपी इथे मदत करत नाही. मागच्या वर्षीच्या मुलांनी खूप डोकं खाजवलं. कुणी म्हणालं पुढचा शब्द पाहा. ‘दिव्याचा रंग’ आला की तेही संपलं. शेवटी मागच्या बाकावरच्या त्या मुलाने, तो आता दहावीत होता आणि रिसेसमध्ये येऊन डोकावून गेला होता, सरांना एक ओळ टंकायला सांगितली. हा शब्द आला की प्रोग्राम थांबतो आणि पडद्यावर विचारतो: दिवा की दिव्या? आणि कुणीतरी उत्तर देईपर्यंत पुढे सरकत नाही.